मंजूर किती, आले किती, लागले किती : गावाला मिळालेल्या शासकीय अनुदानाचा हिशेब मिळवण्याची आणि तो फलकावर लावण्याची रीत

आमच्या कोकणातल्या वाडीतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी एकदाचा उभा राहिला, तेव्हा त्याच्या कठड्याला एक फलक लागला. त्यावर कामाचे नाव होते, 'जिल्हा वार्षिक योजना' असे शब्द होते, पुढाऱ्यांची नावे होती, आणि 'अंदाजित रक्कम' या शब्दांपुढची जागा कोरी होती. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी लोखंडी कठड्यासाठी मुंबईत वर्गणी काढलेली असल्यामुळे, शासनाचे किती आणि आपले किती, हा प्रश्न ओट्यावर बसल्या बसल्या चिघळला. कोणी सात लाख म्हणाले, कोणी बारा. वाडीच्या मंडळाचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे कागद गोळा करण्याचे कामही माझ्याकडेच आले. त्यातून जी रीत हाती लागली, ती पुढे टप्प्याटप्प्याने मांडली आहे. पाखाडी (बांधीव पायवाट), संरक्षक भिंत, नळपाणी योजना, अंगणवाडीची खोली किंवा स्मशानशेड, कोणत्याही कामाला ती लागू पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. अनुदानाचा आकडा कधीच एक नसतो, तो तीन ठिकाणी तीन असतो. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात मंजूर रक्कम असते, बँक खात्यात प्रत्यक्ष वर्ग झालेली रक्कम असते आणि देयकांवरून निघणारी खर्चाची रक्कम असते. समजा, एका साकवाला १०,००,००० रुपयांची मान्यता मिळाली, निविदा बारा टक्के कमी दराने गेली आणि अंतिम देयक ८,८०,००० रुपयांचे झाले. त्यातून एक टक्का कामगार कल्याण उपकर, आयकराची आणि जीएसटीची कपात, गौण खनिजाचे स्वामित्वधन आणि सुरक्षा अनामत वजा झाली, तर ठेकेदाराच्या खात्यावर सव्वाआठ लाखांच्या आसपासच रक्कम पडते. फलकावर दहा लाख, बँकेत सव्वाआठ, म्हणजे पावणेदोन लाख खाल्ले, असा हिशेब गावात लगेच होतो आणि तो चुकीचा असतो. उलट, खरोखरच गडबड झालेली असेल तर तीही याच गोंधळाआड सुखाने लपते. म्हणून पुढचा सगळा खटाटोप हे तीन आकडे त्यांच्या तारखांसह वेगवेगळे मिळवण्यासाठी आहे.

पैसा कोणत्या वाटेने आला, ते आधी ठरवा

गावात येणारा सगळा पैसा ग्रामपंचायतीतून जात नाही, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या महाराष्ट्रातील निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतींना, तर प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला असा वाटा ठरला होता. २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत त्यातला ६० टक्के निधी 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला, आणि ४० टक्के 'अबंधित' होता. बंधित पैशातून पाखाडी का केली नाही, असे ग्रामसभेत विचारले जाते, तेव्हा उत्तर या विभागणीत असते.

दुसरी वाट जिल्ह्याची. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे किंवा अन्य यंत्रणेकडे जातो. ग्रामीण रस्त्यांना लोक '३०५४' म्हणतात आणि ग्रामविकास विभागाच्या मूलभूत सुविधांच्या कामांना '२५१५'. हे दोन्ही अर्थसंकल्पातील लेखाशीर्षांचे, म्हणजे खर्चाच्या खात्यांचे, आकडे आहेत आणि शोध घेताना योजनेच्या लांबलचक नावापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात. आमदार आणि खासदार यांच्या स्थानिक विकास निधीतील कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होतात. आमच्या साकवाची रोकड वही ग्रामपंचायतीत शोधण्यात मी दोन आठवडे घालवले. ती तिथे असण्याचे कारणच नव्हते, कारण काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने केले होते.

तिसरी वाट व्यक्तीच्या खात्यापर्यंत जाणारी. फळबाग लागवडीचे अनुदान, नौकांच्या डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा, वादळानंतरची मदत ही त्यातली आपल्या किनाऱ्यावरची नेहमीची उदाहरणे आहेत. तिच्याकडे आपण शेवटी येऊ, कारण तिथे नियमही वेगळे आहेत आणि भानही वेगळे ठेवावे लागते.

घरबसल्या जे दिसते, ते आधी पाहून घ्या

अर्ज लिहिण्यापूर्वी तासभर संगणकापुढे किंवा मोबाइलवर बसावे. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार मिळतात आणि प्रत्येकाला अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, हे एकदा लक्षात आले की एखाद्या पत्रात नुसता संकेतांक दिलेला असला तरी निर्णय केव्हाचा ते कळते. मूलभूत सुविधांच्या कामांचे निर्णय पाहताना मुख्य मजकूर वाचून थांबू नये. गावाचे नाव, कामाचे नाव आणि रक्कम बहुतेक वेळा सोबतच्या विवरणपत्रात असते.

वित्त आयोगाच्या निधीसाठी ई-ग्रामस्वराज हे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचे संकेतस्थळ आहे. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडली की वर्षाचा विकास आराखडा, जमा-खर्च आणि प्रमाणकनिहाय, म्हणजे प्रत्येक खर्चाच्या व्हाउचरनुसार, दिलेल्या रकमा दिसतात. आराखड्यात काम होते का, आणि त्या कामावर पैसे पडले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही पाने समोरासमोर ठेवून वहीत उतरवून घ्यावीत, कारण पुढच्या भेटीत 'आमच्याकडे नोंद नाही' असे उत्तर आले, तर प्रमाणकाची तारीख सांगता आली पाहिजे. लेखापरीक्षणाचे अहवाल 'ऑडिट ऑनलाइन' या वेगळ्या संकेतस्थळावर असतात. कामाची निविदा निघाली असेल, तर 'महाटेंडर्स'वर तिची खूण सापडू शकते.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात काय मागायचे

आता कार्यालयात जायचे. जाण्याची वेळ मात्र बघून ठरवावी. मार्चअखेर कोणतेही कार्यालय देयकांच्या ढिगाखाली असते. शिवाय आपल्याकडे पाऊस लागण्यापूर्वी कामे आटोपण्याची घाई एप्रिल आणि मे महिन्यांतही चालू असते. जून-जुलैमध्ये वर्षाचे हिशेब जुळलेले असतात आणि बोलायला माणसेही मोकळी असतात. ग्रामसेवकाला, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या पदनामाप्रमाणे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून कागद मिळत नाहीत. त्यांच्याकडे अनेकदा एकाहून अधिक ग्रामपंचायतींचा कारभार असतो, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रामपंचायतीचा हिशेब ठरावीक नमुन्यांत लिहिला जातो आणि नमुन्याच्या क्रमांकाने मागणी केली की संभाषण एकदम सरळ होते. नमुना १ हे अंदाजपत्रक आणि नमुना ३ हे वर्षाचे जमा-खर्च विवरण. नमुना ५ ही रोकड वही, तर नमुना ६ ही जमेची वर्गीकृत नोंदवही. अनुदान आले की नाही, हे पाहण्यासाठी नमुना ६ आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवावे. पैसे लागले की नाही, यासाठी नमुना ५ आणि प्रमाणकांची फाइल पाहावी. काम करणारी यंत्रणा ग्रामपंचायतच असेल, तर कामाची मोजमाप पुस्तिका हा सर्वांत बोलका कागद असतो. त्यात अभियंत्याने घेतलेली लांबी, रुंदी आणि उंची लिहिलेली असते, आणि ती पाखाडी तुमच्या दारासमोरच असते. टेप घेऊन दोन माणसांनी जावे, मोजावे आणि वहीशी ताडून पाहावे. जांभ्याच्या चिऱ्याची पाखाडी काँक्रीटची म्हणून लिहिली गेली आहे का, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही.

यापेक्षाही सोपा रस्ता कायद्यातच आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे हिशेबपत्रक, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम, तसेच शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. ही सभा बहुधा महाराष्ट्र दिनाच्या सुमारास होते, तेव्हा चाकरमानीही आंब्यासाठी गावात असतात. सभेत उठून 'पारदर्शकता पाहिजे' असे म्हणण्यापेक्षा, 'लेखापरीक्षेची टिप्पणी वाचून दाखवा आणि वाचल्याची नोंद इतिवृत्तात घ्या' एवढेच म्हणावे.

जिल्हा परिषद आणि सोमवारची दुपार

काम जिल्हा परिषदेचे असेल, तरी लगेच माहितीच्या अर्जाकडे धावू नये. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय केलेली आहे. त्या दिवशी सुटी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी ही संधी मिळते. दापोली किंवा सावंतवाडीहून जिल्ह्याच्या गावी जाऊन दोन तासांत काम साधायचे, तर आधी फोन करून फाइल कोणत्या शाखेत आहे ते विचारून ठेवावे आणि शासन निर्णयाची छापील प्रत खिशात असू द्यावी. मी दाखवली, तेव्हा समोरच्या लिपिकाने ती शांतपणे वाचली आणि मग खुर्ची पुढे केली. माझा पहिला सोमवार मात्र फुकट गेला होता, कारण मी एकाच आर्थिक वर्षाची फाइल मागितली होती. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत खर्च करता येतो. त्यामुळे मान्यता एका वर्षाच्या फाइलमध्ये आणि देयक दुसऱ्या वर्षाच्या फाइलमध्ये असणे अगदी नेहमीचे आहे. शोध नेहमी दोन वर्षांचा घ्यावा.

फाइलमध्ये कागद या क्रमाने लावलेले असतात आणि याच क्रमाने टिपून घ्यावेत : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधी वितरणाचा आदेश, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, देयक, पूर्णत्वाचा दाखला आणि सर्वांत शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. शेवटचा कागद म्हणजे 'मिळालेले पैसे ज्या कामासाठी दिले, त्याच कामावर खर्च झाले' अशी यंत्रणेने लेखी दिलेली कबुली. देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांच्या रकमा जुळत नसतील, तर अखर्चित रक्कम शासनाला परत केल्याचा पुरावा, म्हणजे चलन, फाइलमध्ये असले पाहिजे. चलन नसेल, तर तिथे प्रश्न आहे.

अर्ज लिहायचाच झाला, तर

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करावयाच्या सतरा बाबी आहेत. त्यांतली अकरावी बाब अर्थसंकल्प आणि वितरित रकमा यांची, तर बारावी अर्थसहाय्य कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभधारकांचा तपशील यांची आहे. म्हणजे आपण अर्जाने मागतो, ते खरे तर न मागता भिंतीवर असायला हवे. अर्जात तसा उल्लेख एका ओळीत करावा, व्याख्यान देऊ नये.

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात, दहा रुपयांचे न्यायालय फी मुद्रांक लावून, एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. छायांकित प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडल्यास शुल्क लागत नाही. मी लिहिलेल्या अर्जाचा गाभा असा होता :

'विषय : वाडीतील ओढ्यावरील साकवाच्या कामाचा निधी व खर्च. कालावधी : दोन आर्थिक वर्षे. पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात. १) प्रशासकीय मान्यतेचा आदेश. २) निधी वितरणाचे आदेश, लेखाशीर्षासह. ३) कार्यारंभ आदेश. ४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने. ५) अदा केलेली देयके व त्यांची प्रमाणके. ६) उपयोगिता प्रमाणपत्र.'

यात एकही 'का' नाही, हे मुद्दाम पाहावे. 'काम निकृष्ट का झाले' या प्रश्नाचे उत्तर अभिलेखात नसते आणि त्या एका वाक्यामुळे अख्खा अर्ज फेटाळण्याची सबब मिळते. मोजमाप पुस्तिकेची पाने मागितली की निकृष्टपणा आपोआप समोर येतो.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला, तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. ती उलटल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास तीस दिवसांत वीस रुपयांच्या मुद्रांकासह 'जोडपत्र ब' मध्ये पहिले अपील करावे. अपिलीय अधिकारी कोण, ते कार्यालयातील फलकावर लिहिलेले असावे लागते. त्यानंतरचे दुसरे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, आपल्यासाठी नवी मुंबईतील कोकण खंडपीठाकडे जाते. तिथे तारीख लागायला बराच वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी गांभीर्याने घ्यावी. त्या टेबलावर समोरासमोर बसल्यावर बहुतेक कागद मिळून जातात. रोज २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे. तिची आठवण एकदा करून द्यावी, प्रत्येक वाक्यात नाही.

व्यक्तींना मिळालेले अनुदान : इथे जपून

लाभार्थ्यांच्या याद्या वाचताना घाईने निष्कर्ष काढू नये. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणातील शेतकऱ्याला कमाल दहा हेक्टरपर्यंत लाभ घेता येतो आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून मिळते. तीन वर्षांच्या याद्या जोडल्या की तेच नाव तीनदा दिसते आणि गावभर बोभाटा होतो, की अमक्याने एकाच कलमांच्या बागेवर तीनदा पैसे उचलले. यादी मागताना हप्त्याचा क्रमांकही मागावा.

डिझेल परताव्याच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तो मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत नौकाधारकांना मिळतो आणि संस्था म्हणते, आम्हाला माहितीचा कायदा लागू नाही. थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी झाल्याने संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. मात्र संस्थेकडून जी माहिती शासकीय अधिकाऱ्याला कायद्याने मागवता येते, ती त्या अधिकाऱ्याकडून नागरिकाला मिळू शकते, हेही त्याच निर्णयात आहे. म्हणून अर्ज संस्थेकडे न करता मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे किंवा सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे करावा. आणि तुम्ही स्वतः सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारण्याचा हक्क त्याहून जवळचा आहे.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर वर्षभरातच तौक्ते येऊन गेले. पंचनाम्यांच्या याद्या तेव्हा अनेक गावांत भांडणाचे कारण ठरल्या. अशी यादी लावताना नाव, नुकसानीचा प्रकार, रक्कम आणि तारीख एवढेच लावावे. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक काळ्या शाईने पूर्ण झाकून, मग त्या झाकलेल्या प्रतीची छायाप्रत काढून लावावी, कारण नुसती शाई उजेडात आरपार दिसते. वैयक्तिक माहितीसंबंधीचे कलम ८(१)(ञ) डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने बदलले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणून नकार देणे सोपे झाले आहे, आणि माझ्या मते ही दुरुस्ती गावपातळीवरच्या हिशेबाला मारकच आहे. तरीही लाभधारकांचा तपशील प्रसिद्ध करण्याचे कलम ४ मधील कर्तव्य जागच्या जागी आहे, आणि व्यापक सार्वजनिक हित असल्यास माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) सुद्धा कायम आहे. नकार आला, तर अपिलात या दोन कलमांवर बोट ठेवावे.

फलक

कागद मिळाले की ते कपाटात जाऊन बसतात, म्हणून फलक त्याच आठवड्यात करून घ्यावा. ग्रामपंचायत तयार असेल, तर तिच्या नावाने करावा. नसेल, तर मंडळाच्या नोटीस बोर्डावर मंडळाच्या नावाने लावावा आणि खाली 'अमुक तारखेला मिळालेल्या प्रतींवरून' असे लिहावे. आमच्या फलकावर प्रत्येक कामासमोर सात रकाने आहेत : कामाचे नाव, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून आला, मान्यतेचा आदेश क्रमांक आणि तारीख, मंजूर रक्कम, वर्ग झालेली रक्कम, देयकानुसार खर्च, आणि लोकवर्गणी. शेवटचा रकाना शासनाच्या आकड्यांत कधीही मिसळू नये. नळपाणी योजनेत लोकवर्गणी हा योजनेचाच भाग असतो, तर साकवाच्या कठड्याची मुंबईकरांची वर्गणी पूर्णपणे बाहेरची असते. दोहोंसाठी वेगळी ओळ ठेवावी. वर्गणीच्या पावतीपुस्तकाचा क्रमांकही तिथे लिहिला, तर मंडळाकडे बोट दाखवणाऱ्याला पावती मागता येते. शासनाकडून हिशेब मागायचा आणि आपला झाकून ठेवायचा, हे शोभत नाही.

आकडा चुकला असे कोणी पुराव्यासह दाखवले, तर जुना आकडा खोडून दिसू द्यावा आणि शेजारी नवा आकडा, तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याची सही असावी. आमच्या फलकावर कठड्याची वर्गणी पहिल्यांदा दोन पावत्या सुटल्यामुळे कमी लिहिली गेली होती. ती खोडलेली ओळ अजून तशीच आहे.

रंगाने लिहिलेला फलक आपल्या पावसात दोन वर्षेही टिकत नाही आणि कागद तर आषाढातच बुरशीने काळा पडतो. आम्ही छापील पत्र्याचा फलक देवळाच्या सभामंडपात, पागोळीचे पाणी लागणार नाही अशा आतल्या भिंतीवर लावला आणि खाली बदलत्या आकड्यांसाठी काचेची झडप असलेली लहान चौकट ठेवली. तिची किल्ली एक मंडळाकडे आणि एक ग्रामपंचायतीकडे असते.